आंब्याची पेटी, दोन उशा आणि सुटा कीबोर्ड: पलंगावर लॅपटॉप घेऊन बसणाऱ्यांसाठी

आमच्या घरात मोबाइलचं नेटवर्क एकाच ठिकाणी येतं: माळ्यावर, पश्चिमेच्या खिडकीला लागून असलेल्या पलंगावर. खाली ओटीवर टेबल आहे, खुर्ची आहे, पंखा आहे, फक्त रेंज नाही. टॉवर खाडीपलीकडे आहे. तो माळ्यावरून दिसतो, ओटीवरून माडांच्या आड जातो. त्यामुळे "पलंगावर बसून काम करू नका" असं कुणी सांगितलं की मी मान डोलावते आणि जिना चढून पलंगावर जाऊन बसते.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुंबईहून देवगडकडे आलेल्या बऱ्याच चाकरमान्यांची गत अशीच होती. कुणाला पडवीच्या कोपऱ्यात रेंज, कुणाला गोठ्याच्या मागे, कुणाला खाटेवर. मी हिशेबाचं काम करते, म्हणजे दिवसभर आकड्यांचे तक्ते. त्या पावसाळ्यात माझी मान उजवीकडे वळेनाशी झाली आणि डाव्या करंगळीला मुंग्या यायला लागल्या. काकी जिन्यातून डोकावून म्हणायची, "कशाक गो अशी वाकान बसतंस? मान मोडात." मोडली नाही, पण कणकवलीला फिजिओथेरपीच्या फेऱ्या मात्र झाल्या. तिथल्या बाईंनी औषधाचं काही विचारलंच नाही. तपासायच्या खाटेवर मला चढवलं, हातात एक फाइल दिली आणि म्हणाल्या, "हा तुमचा लॅपटॉप. बसता कशा ते दाखवा." मी बसले. त्यांनी फोटो काढून मलाच दाखवला. पाठ विळीसारखी वाकलेली, हनुवटी छातीला, डावं कोपर खिडकीच्या कल्पित चौकटीवर रोवलेलं. त्यानंतर हळूहळू जे जमवलं, ते खाली लिहिते आहे.

आधी खोट कुठे आहे ते बघा

घरातली शिंप्याची टेप घ्या. पाठ टेकून ताठ बसा, कोपर कमरेशी दुमडा आणि कोपरापासून डोळ्यापर्यंतचं अंतर मोजा. माझं ४८ सेंटिमीटर भरलं. आता लॅपटॉप उघडा आणि कीबोर्डपासून पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. माझ्या लॅपटॉपचं जेमतेम २१ भरलं. म्हणजे कीबोर्ड हाताला सोयीचा ठेवला की पडदा डोळ्यांच्या २७ सेंटिमीटर खाली जातो. पडदा डोळ्यांसमोर आणला की हात छातीपाशी लटकतात. दोन्ही वस्तू एकमेकींना बिजागरीने बांधलेल्या आहेत, तेव्हा तुम्ही कितीही शहाण्यासारखे बसलात तरी एकाची सोय केली की दुसऱ्याची गैरसोय होणारच. "सरळ बस" म्हणणाऱ्या काकीला हे माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं.

मान किती सोसते, त्याचं एक गणित न्यूयॉर्कचे मणक्यांचे सर्जन केनेथ हन्सराज यांनी २०१४ मध्ये मांडलं. डोकं सरळ असताना साधारण ५ किलो. ते १५ अंश पुढे झुकलं की मानेवरचा भार १२ किलोच्या आसपास, ३० अंशांना १८ आणि ६० अंशांना २७. हे संगणकावरचं गणित आहे, कुणाच्या मानेत काटा लावून घेतलेलं माप नव्हे, तेव्हा आकडे अगदी किलोगणिक धरू नका. पण अंदाज यावा म्हणून सांगते: २७ किलो म्हणजे भरलेल्या गॅस सिलिंडरपेक्षा थोडंसंच कमी. तो पाच मिनिटं उचलून मेल्याचं कुणी ऐकलं नाही. तीन तास कोण उचलून धरतं?

पायरी पहिली: गादी

आमची गादी कापसाची, दहा वर्षांत न पिंजलेली. मधे खळगा. खळग्यात बसलं की बूड खाली जातं, गुडघे वर येतात आणि कंबर आपोआप मागे ढळते. फोमची फार मऊ गादीही हेच करते. कापसाची असेल तर पिंजून घ्या. ते लगेच होण्यासारखं नसेल तर पलंगाच्या ज्या बाजूला गादी घट्ट आहे तिकडे सरका, किंवा बसायच्या जागी गादीवर एक फळी टाकून तिच्यावर गोधडी पसरा. पावसाळ्यात कापूस ओल धरतो आणि चेपला जातो, त्यामुळे जूनमध्ये ठीक वाटलेली जागा ऑगस्टमध्ये ठीक राहत नाही. पाऊस उघडला की गादीला खळ्यात ऊन दाखवायचं, ही सवय आपल्याकडे आहेच.

पायरी दुसरी: बूड आणि गुडघे

सगळ्यात जास्त फरक मला इथे पडला, म्हणून जरा सविस्तर.

आत्ता जमिनीवर बसा आणि दोन्ही पाय समोर सरळ पसरा. मांडीच्या मागच्या शिरा ताणल्या जातात ना? त्या शिरा खाली गुडघ्याशी आणि वर बैठकीच्या हाडांशी बांधलेल्या असतात. पाय पसरले की त्या बैठकीची हाडं पुढे ओढतात, कटी मागे कलंडते आणि तुम्ही बैठकीच्या हाडांवरून घसरून माकडहाडावर येता. आता गुडघ्यांखाली एक उशी सरकवा. ओढ सैल पडते, कंबर आपणहून वर उठते. हे करून बघितल्याशिवाय पुढे वाचू नका.

यावरून पलंगावर बसायच्या तीन तऱ्हा ठरतात आणि मी दिवसभर तिन्ही आलटूनपालटून वापरते.

पहिली, पलंगाच्या कडेवर बसायचं, पावलं जमिनीवर पूर्ण टेकलेली. म्हणजे पलंगालाच खुर्ची करायची. भरभर टायपिंग असेल तेव्हा हीच. पाय अधांतरी राहत असतील तर खाली पाट ठेवा. समोर स्टुलावर लॅपटॉप.

दुसरी, मांडी घालून. पण नुसतीच नाही. गोधडीची घट्ट घडी करून बुडाखाली घ्या, चार बोटं ते वीतभर उंच, जेणेकरून गुडघे कंबरेपेक्षा खाली जातील. फणस फोडायला किंवा सुपारी सोलायला तासन्‌तास बसणाऱ्या बाया पाट का घेतात, ते मला या घडीवर बसल्यावर कळलं. मांडी बदलत राहा, एकच पाय सतत वर ठेवू नका. गुडघेदुखी असलेल्यांनी ही तऱ्हा सोडून द्यावी.

तिसरी, पाय पसरून, मागे रेलून. मीटिंग ऐकायला, वाचायला. हिच्यात गुडघ्यांखाली उशी हवीच, नाहीतर वरची सगळी कहाणी पुन्हा सुरू.

पायरी तिसरी: पाठ

रेलायचं असेल तर आधी बूड भिंतीला पूर्ण भिडवा. लोक पाठ टेकतात आणि बूड वीतभर पुढे ठेवतात. त्या पोकळीत कंबर लोंबते. बूड भिडवल्यावर कंबरेच्या खळग्यात पंच्याची गुंडाळी ठेवा, मनगटाएवढी जाड. त्याहून जाड नको, कंबर उलट्या बाजूने ताणली जाते. वर पाठीला एक उशी उभी. डोक्यामागे उशी देऊ नका, ती डोकं पुढे ढकलते.

पाठ आणि मांडी यांच्यात काटकोनापेक्षा थोडा मोकळा कोन हवा, ११० अंशांच्या आसपास. ओटीवरच्या आरामखुर्चीइतकं मागे गेलात की पडदा बघायला हनुवटी छातीला लावावी लागते आणि मानेची पंचाईत होते. जितकं मागे रेलाल तितका पडदा वर यायला हवा, हे लक्षात ठेवा.

कोकणातली एक खास अडचण: चिऱ्याची भिंत जुलै-ऑगस्टमध्ये पाझरते. गार ओल्या भिंतीला तासभर पाठ लावली की ती आखडते, आणि उशीला बुरशी धरते ते वेगळंच. मी भिंत आणि उशी यांच्यात प्लायवूडचा तुकडा उभा ठेवते. पलंगाला लाकडी टेकू असेल तर प्रश्नच नाही.

पायरी चौथी: पेटी

पलंगावर ठेवायची घडीची टेबलं बाजारात मिळतात. मी एक मागवलं होतं. पाय लुळे निघाले, महिन्यात एक मोडला. मग वखारीच्या कोपऱ्यात पडलेली हापूसची लाकडी पेटी आणली. हल्ली पुठ्ठ्याचे खोके वाढले आहेत, पण लाकडाची पेटी अजून मिळते. तिच्या फळ्यांमध्ये फटी असतात. आंब्याला हवा लागावी म्हणून ठेवलेल्या त्या फटी लॅपटॉपच्या पंख्यालाही उपयोगी पडतात.

पेटी उपडी करा. ज्या दोन समोरासमोरच्या बाजूंनी पाय जाणार त्यांच्या फळ्या काढा, उरलेल्या दोन बाजूंचे उभे कोपरे तसेच ठेवा. वर आलेले खिळे ठोकून वाकवा. एक राहिला तर गोधडी फाटते आणि मग मांडी. कडा पॉलिशपेपरने घासा. उंचीचं माप कुणाचं कुणाला लागू नाही. मांडी घालून बसा, कोपर दुमडा आणि गादीपासून कोपरापर्यंत टेपने मोजा. साधारण २० ते २५ सेंटिमीटर येईल. पेटीचा माथा तेवढाच किंवा बोटभर खाली हवा. माझी पेटी उंच निघाली, करवतीने दोन इंच उतरवली. एक पाय किंचित तोकडा झाला, त्याखाली पुठ्ठ्याची घडी आहे. चार वर्षं ती तिथेच आहे.

पुढच्या कडेवर मनगटं रुततात. तिथे जुन्या पंच्याची पट्टी दुमडून चिकटवा.

पायरी पाचवी: पडदा आणि कीबोर्ड वेगळे करा

पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर इथे घाला. वायरचा साधा कीबोर्ड आणि माउस, दोन्ही मिळून हजार रुपयांच्या आत येतात. महाग गादी, महाग उशी, मान धरणारा पट्टा, यातलं काहीही मला या जोडीइतकं उपयोगी पडलं नाही.

पेटीवर दिवाळी अंकांचा गठ्ठा रचा आणि त्यावर लॅपटॉप ठेवा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली यायला हवी. गठ्ठा सुतळीने बांधा, नाहीतर लॅपटॉप एक दिवस सरकून खाली येईल. हवा जायच्या जाळीवर अंकाचं पान येत नाही ना, तेवढं बघा. पडदा हातभर लांब हवा, म्हणजे हात पुढे केला तर बोटं टेकतील इतपत. अक्षर बारीक दिसायला लागलं तर पुढे वाकू नका, अक्षर मोठं करा. हिशेबाच्या तक्त्यात मी १२५ टक्क्यांवर काम करते. दोन रकाने कमी दिसतात, बिघडत नाही.

कीबोर्ड मांडीवर फळी घेऊन तिच्यावर, किंवा कडेवर बसला असाल तर स्टुलाच्या पुढच्या भागावर. मनगट सरळ, बोटांच्या रेषेतच. कीबोर्डच्या मागचे छोटे पाय उभे करू नका, त्यांनी मनगट वर मोडतं. माउस त्याच फळीवर, कीबोर्डला चिकटून. गादीवर माउस फिरवायला गेलं की खांदा बाहेर ताणला जातो आणि संध्याकाळी फऱ्यात, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडापाशी, ठणका लागतो. रेलून बसताना दोन्ही कोपरांखाली एकेक छोटी उशी घ्या. हातांचं वजन उशीवर गेलं की खांदे उतरतात. आपले खांदे कानांपर्यंत चढलेले असतात, हे ते उतरल्यावरच कळतं.

माझ्या करंगळीच्या मुंग्यांचं कारणही इथेच होतं. कोपराच्या आतल्या बाजूने एक नस जाते, कोपर आपटल्यावर जिच्यातून झिणझिणी येते तीच. ती करंगळीला आणि तिच्या शेजारच्या अर्ध्या बोटाला जाते. फोनची रेंज धरायला मी तासन्‌तास ते कोपर लाकडी चौकटीवर रोवून बसत होते. फोन खिडकीच्या गजाला कापडी पिशवीत टांगला, हॉटस्पॉट लावला, कोपर मोकळं केलं. सहाएक आठवड्यांत मुंग्या गेल्या.

जे करूच नये

पालथं पडून, कोपरांवर उठून लॅपटॉप बघणं. कंबर उलटी वाकते, मान मागे मोडते, कोपरांची तीच नस चेपते. कॉलेजची पोरं असंच करतात आणि वयामुळे निभावून नेतात. कुशीवर पडून एका हाताने टाइप करणं हे त्याहून वाईट, सगळा भार एकाच खांद्यावर. उताणं पडून पोटावर लॅपटॉप घेणं म्हणजे हनुवटी छातीत.

आणि गोधडीवर किंवा उघड्या मांडीवर लॅपटॉप ठेवणं. बहुतेक लॅपटॉप खालून हवा ओढतात. गोधडीने जाळी बुजते आणि पंखा केकाटायला लागतो. मांडीवर रोज तासन्‌तास गरम तळ टेकत राहिला तर कातडीवर जाळीसारखे तांबूस-तपकिरी डाग उमटतात. वैद्यकात त्याला एरिथेमा अब इग्ने म्हणतात. पूर्वी शेगडीशी फार वेळ शेकत बसणाऱ्यांना ते व्हायचे. भाजल्यासारखं काहीच वाटत नाही, म्हणून लक्षात येत नाही.

चार्जरची वीटही अंथरुणात, मच्छरदाणीत गुंडाळून ठेवू नका, जमिनीवर ठेवा. जुन्या घरात प्लगला अर्थिंग नसेल तर धातूच्या लॅपटॉपवर हात ठेवताच बारीक झिणझिण्या येतात. दमट दिवसांत जास्तच. वायरमनला बोलवा, तोवर चार्जर काढून बॅटरीवर काम करा. वीज कडाडायला लागली की प्लग भिंतीतूनच उपसा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

उठायचं कधी

वर सांगितलेलं सगळं नीट जमवलं तरी तासभर न हलता बसलात तर दुखणारच. माझं मत तर असं झालंय की वाकडं बसून दर वीस मिनिटांनी उठणारा माणूस ताठ बसून तीन तास न हलणाऱ्यापेक्षा सुखी असतो.

मोबाइलचा गजर मी दोन दिवसांत दुर्लक्षायला शिकले. मग युक्ती केली: पाण्याचा तांब्या वर आणायचाच नाही. तहान लागली की जिना उतरायचा. फोन आला की उभं राहून बोलायचं, खिडकीच्या गजाशी, कारण रेंज तिथेच. तासातून दोनदा तरी बूड हलतं.

डोळ्यांसाठी दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडचं काहीतरी २० सेकंद बघा. आमच्या खिडकीतून कुंपणावरचा माड तेवढ्या अंतरावर आहे. झावळ्या मोजते. पापण्या लवणं पडद्यासमोर कमी होतं, म्हणून मुद्दाम डोळे मिटून उघडा. खिडकी पाठीमागे नको, पडद्यावर चमक येते. समोरही नको, डोळे दिपतात. बाजूला हवी. वीज गेल्यावर काळोखात नुसता पडदा उजळवून बसू नका. चार्जिंगचा दिवा भिंतीकडे तोंड करून लावा आणि पडद्याचा उजेड त्याच्या बेताने उतरवा.

उठल्यावर करायच्या चार गोष्टी, मिळून पाच मिनिटं:

हनुवटी सरळ रेषेत मागे ओढा, वर-खाली नाही, जणू कुणी समोरून वास घाणेरडा आणलाय. पाच सेकंद धरा, दहा वेळा.

दोन्ही फरे मागे एकमेकांकडे आवळा, पाच सेकंद, दहा वेळा. खांदे वर चढू देऊ नका.

उभं राहून तळवे कंबरेवर ठेवा आणि हळू मागे झुका, पाच-सहा वेळा. ज्यांना भुजंगासन येतं त्यांनी ते केलं तरी तेच. मागे झुकताना कळ पायात उतरली तर थांबा.

पलंगाच्या कडेवर बसून एक पाय पुढे सरळ करा, टाच जमिनीवर, पाठ सरळ ठेवून कंबरेतून पुढे वाका. मांडीमागे ताण आला की वीस सेकंद. मग दुसरा पाय. रोज केलं की महिनाभरात पाय पसरून बसणं सुसह्य होतं.

डॉक्टरकडे कधी

आखडलेली मान, भरून आलेले खांदे, धरलेली कंबर हे बहुतेकांचं बसणं सुधारलं की काही आठवड्यांत उतरतं. गरम पाण्याची पिशवी चालते. पण हातातली वस्तू पडायला लागली, बोटं बधिर राहिली, कळ कंबरेतून पोटरीखाली उतरली, दुखण्याने रात्री जाग यायला लागली किंवा सोबत ताप आला, तर तेल चोळत बसू नका. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर त्याच दिवशी दाखवा. लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा जांघेत, बैठकीच्या भागात बधिरपणा आला, तर ही तातडीची गोष्ट आहे, रात्र असली तरी गाडी काढा. गरोदर बायकांनी आणि मणक्याचं ऑपरेशन झालेल्यांनी वरचे व्यायाम आधी विचारून करावेत, मगच.

रात्री साडेनऊला मी पेटी पलंगाखाली सरकवते, लॅपटॉप कपाटात, पंच्याची गुंडाळी उलगडून दोरीवर. कारण त्याच पलंगावर झोपायचं असतं, आणि हिशेबाचे तक्ते उशाशी असले की मला तरी झोप लागत नाही.